मी उत्तर दिलं होतं

"तुझं स्टेशन बंद असतं का गं हल्ली?" काकांनी फोनवर विचारलं आणि मला एकदम काही बोलताच येईना. कारण ते हे विचारत होते तेव्हा माझ्यासमोर पडद्यावर त्यांचंच कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची त्यांची ओळख, होतं आणि त्याच्यापुढे 'कनेक्टेड' असं लिहिलेलं होतं. सलग तिसरी रात्र. ते पॅकेटवर, म्हणजे हौशी रेडिओवरून संगणकांनी एकमेकांना मजकूर पाठवायच्या पद्धतीने, मला बोलावत होते, माझं यंत्र दर वेळी ओ देत होतं, जोडणी झाली म्हणून नोंद करत होतं, वर माझा स्वागताचा मजकूरही पाठवत होतं. आणि तिकडे काकांच्या यंत्राने दहा वेळा हाक मारून, 'प्रयत्न संपले' एवढं सांगून हात टेकले होते. "बंद नाहीये काका. तुमच्या हाका सगळ्या येतायत. मी उत्तर देतेय," मी म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. मला वाटलं, कामात असशील." त्यांनी तक्रार केली असती तर सोपं गेलं असतं. त्या समजूतदारपणाने मात्र मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

कामात तर मी होतेच. ज्यांनी मला पहिली तार सोल्डर करायला शिकवली, परीक्षेच्या आधी मोर्सचा सराव करून घेतला, त्यांना गेल्या कित्येक महिन्यांत मी आपणहून एक फोन केला नव्हता. स्टेशन चालू आहे, एवढाच मनाला आधार होता. पॅकेटचं हेच मला फार आवडतं: आपण घरात नसलो, झोपलेलो असलो, तरी कुणी आपल्या कॉलसाइनला हाक मारली तर कोपऱ्यातला तो रेडिओ आपल्या नावाने उत्तर देतो. कुणी आलंच तर दार उघडं आहे, अशी माझी समजूत होती. आता कळत होतं की दार आतून उघडं दिसत होतं, बाहेरून नाही.

दुसऱ्या दिवशी मी तीन रात्रींचा लॉग उघडून बसले. वाचवत नव्हता तो. काकांकडून एसएबीएम, म्हणजे 'जोडायचं का?' माझ्याकडून लगेच यूए, 'हो, जोडलं.' तीन-चार सेकंदांनी पुन्हा काकांकडून एसएबीएम, जणू मी काही बोललेच नाही. पुन्हा माझं यूए. एएक्स-२५ हा आमचा प्रोटोकॉल १९८४ साली छापून आला तेव्हापासून हे असंच चालत आलंय. हाक मारणारा ठरावीक वेळ वाट बघतो, उत्तर आलं नाही तर पुन्हा हाक मारतो, आणि ठरवलेले प्रयत्न संपले की थांबतो. हाक घेणाऱ्याच्या बाजूला असं काही नसतं, तिथे असते ती एक फसवी खात्री. यूए पाठवलं की त्याच्या लेखी जोडणी पूर्ण होते. त्या यूएची पावती कुणी देत नाही. म्हणून माझं यंत्र प्रामाणिकपणे 'कनेक्टेड' म्हणत होतं, पुन्हा हाक आली की 'जोडणी नव्याने सुरू' म्हणत होतं, परत 'कनेक्टेड'. दहा वेळा. एका रात्रीत त्यांनी तीनदा प्रयत्न केलेला होता. म्हणजे तीस हाका.

तीस हाका, आणि तीसही ऐकू आलेल्या.

रेडिओच्या नादाला लागल्यावर पहिली काही वर्षं माझ्याकडे परवाना नव्हता, होता फक्त एक शॉर्टवेव्ह रिसीव्हर. त्या वर्षांत मी नुसती ऐकत होते. रात्री उशिरा हेडफोन लावून डायल इतकी हळू फिरवायची की बोटांना त्याचा खरखरीतपणा कळावा. मग शिट्टी, मग कुणाचा तरी आवाज, वर येणारा, बुडणारा. त्या माणसाला माझा पत्ता नसायचा. मला मात्र त्याचा खोकला, त्याच्या खुर्चीची कुरकुर, मागे कुणीतरी बंद केलेलं दार, सगळं ऐकू यायचं. मग मी श्रवण-अहवाल लिहायला लागले: अमुक वेळी, अमुक फ्रिक्वेन्सीवर तुम्हाला ऐकलं, सिग्नल असा होता. कार्डाच्या रूपात कधी कधी उलट पोच यायची. काका म्हणायचे, हे अहवाल म्हणजे उपकार असतात, कारण प्रक्षेपण करणाऱ्याला आपला सिग्नल कसा आहे हे स्वतःला कधीच कळत नाही. म्हणूनच दोन हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, भेटले की नाव-गाव सांगायच्या आधी एकमेकांना आकडा सांगतात, तू मला पाच-नऊ, म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, ऐकू येतोस. मला त्या वयात हे नुसतं शिष्टाचाराचं वाटायचं. एवढं एकमेकांचं कौतुक कशाला, असंही वाटायचं. आता लॉग बघताना वाटलं की माझ्या त्या 'कनेक्टेड'ला कुणीच आकडा दिलेला नव्हता.

एकतर्फी जोडणीत पहिला संशय हवेवर जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. आमच्या दोघांच्या मध्ये एक डोंगराची धार आहे. पण डोंगर जातानाही तेवढाच उंच असतो आणि येतानाही. तीच फ्रिक्वेन्सी, त्याच अँटेना असतील तर वाटेत जेवढी घट एका दिशेला होते तेवढीच दुसऱ्या दिशेला होते. हा अँटेनांचा गुण आहे, त्यात पक्षपात नाही. तेव्हा एका बाजूने ऐकू येतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, याचं कारण मधल्या वाटेत सहसा नसतं, ते दोन टोकांपैकी कुठल्या तरी टोकाला असतं. कुणाची ताकद कमी, कुणाच्या आसपास गोंगाट जास्त, कुणाचा कान खराब. मी माझ्या टोकापासून सुरुवात केली, कारण उत्तर न पोचण्याचा ठपका मला माझ्यावरच ठेवावासा वाटत होता.

ताकद तपासली, ठीक. अँटेनाचा एसडब्ल्यूआर, म्हणजे ताकद अँटेनाकडून उलटी फिरते का ते सांगणारा आकडा, तपासला, ठीक. ध्वनीची पातळी जास्त होऊन सूर फाटतायत का ते बघितलं. पॅकेटचे दोन सूर असतात, १२०० आणि २२०० हर्ट्झ, आणि रेडिओतल्या प्री-एम्फसिसमुळे, म्हणजे उंच सूर चढवून पाठवायच्या सोयीमुळे, त्यांपैकी एक उंच आणि एक खुजा होऊन पोचला तर समोरचा मॉडेम गोंधळतो, तेही जुळवलं. काकांना विचारलं, घरात एखादा नवा दिवा, नवा चार्जर, काही गोंगाट करणारं? नाही म्हणाले. टोन स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक सूर नसेल तर आवाज अडवणारी सोय, चुकून लागलाय का? नाही. त्या दोन दिवसांत मी इतकं काही फिरवून ठेवलं की मूळची मांडणी काय होती हे वहीत नोंदलेलं नसतं तर परत सापडली नसती. आणि एवढं सगळं झाल्यावर काका सहज म्हणाले, "तुझं बीकन तर छान येतं की. दर वीस मिनिटांनी. एकही चुकत नाही."

हे मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. बीकन म्हणजे माझं स्टेशन ठरावीक वेळाने आपोआप पाठवतं ती ओळख. ते येतं, म्हणजे माझी ताकद पुरते, माझे सूर धड आहेत, त्यांचा कान शाबूत आहे. दोन दिवसांच्या सगळ्या तपासण्या त्या एका वाक्याने निकालात निघाल्या. माझं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं ते फक्त माझं उत्तर.

पॅकेटची मूळ कल्पना जिथून आली ते अलोहानेट १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात सुरू झालं. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात जायची आणि यायची वाट सरळ वेगळी ठेवली होती: टर्मिनलकडून मुख्य संगणकाकडे ४०७.३५० मेगाहर्ट्झवर, परत येताना ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर. टर्मिनलांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. आपलं पॅकेट पोचलं, की कुणा दुसऱ्याच्या पॅकेटवर आदळून फुकट गेलं, हे परतीच्या वाटेवर पावती आली तरच समजायचं. त्या मांडणीचं मला नेहमी अप्रूप वाटत आलंय, कारण तिच्यात कुठलाही भ्रम नाही. आम्ही हौशी लोक मात्र एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि ऐकतोही. बोलताना आमचा कान बंद असतो. ही गोष्ट इतकी रोजची आहे की ती डोळ्यांआड, नव्हे कानाआड होते.

मग आणखी एक धागा हाती आला, आणि तोही काकांकडूनच. ते येणारी प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक पॅकेट, पडद्यावर दिसू देतात, त्यांना उद्देशून असो वा नसो. म्हणाले, "अगं, तुझ्या स्वागताच्या मजकुरातली पहिली ओळ कधी दिसत नाही, पण पुढची एखादी ओळ अधूनमधून दिसते. सुरुवात नसलेली." मी ताडकन उठून बसले. माझं यंत्र यूए पाठवतं आणि त्याला जोडूनच स्वागताच्या फ्रेम्स पाठवायला लागतं. यूए पोचत नाही, पहिली फ्रेम पोचत नाही, दुसरी पोचते. (पोचूनही तिचा उपयोग नसतो, त्यांचं यंत्र अजून यूएची वाट बघत असतं, मजकूर आला तरी तो बाजूला टाकतं.) म्हणजे जे लवकर जातं ते हरवतं आणि जे उशिरा जातं ते सापडतं. त्यांच्या हाकेनंतर पहिला काही वेळ त्यांचा कान बंद असतो. पण का, आणि किती वेळ?

हे ऐकूनच शोधायचं ठरवलं. आकडे बघून बघून मी थकले होते. पॅकेट कानाने ओळखायची सवय मला पूर्वी होती. कोरं कापड टरकन फाडावं तसा आवाज, लांबीवरून छोटी फ्रेम की मोठी ते समजायचं, आणि ओळखीच्या स्टेशनांचा तर 'टर्र'सुद्धा ओळखू यायचा. संगणकातला साउंड कार्ड मॉडेम आला आणि मी स्पीकर बंद करून टाकला. त्या रात्री तो चालू केला, स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय, पूर्ण उघडला आणि काकांना हाक मारायला सांगितलं. खोलीभर सस्स असा एकसुरी खळखळाट. मग तो एकदम थांबला, त्यांचा कॅरिअर, म्हणजे सूर वाहून नेणारी लहर, आला. फाटका 'टर्र'. आणि लगेच माझ्या रेडिओचा तांबडा दिवा, रिले टचकन, माझं उत्तर. ते संपलं तेव्हा पुन्हा खळखळाट. काहीच वावगं नाही. पाच वेळा ऐकलं, पाच वेळा तेच.

सहाव्या वेळी मी पीटीटीची, म्हणजे रेडिओला 'आता बोल' सांगणारी, तार काढून टाकली.

का काढली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा कंटाळून, नुसतं त्यांचं पॅकेट एकदा निवांत ऐकावं म्हणून. आता माझं यंत्र उत्तर देऊ शकत नव्हतं. काकांची हाक आली: खळखळाट थांबला, 'टर्र', आणि मग शांतता. गाढ, सपाट शांतता, सिग्नल असल्याशिवाय येत नाही तसली. त्यांचे सूर संपले होते, पण त्यांचा रेडिओ अजून प्रक्षेपण करतच होता. मी श्वास धरून मोजत होते. जवळजवळ सेकंदभराने कुठे 'खट्' झालं आणि खळखळाट परत आला. मी ध्वनिमुद्रण करून ते तरंगरूपात बघितलं: नऊशे मिलिसेकंदांच्या आसपासची कोरी पट्टी. आणि इतके दिवस मी नेमकी त्या पट्टीत बोलत होते. माझं यूए म्हणजे सतरा बाइट आणि पुढचे-मागचे झेंडे, १२०० बॉडला सव्वाशे मिलिसेकंद. त्याच्या आधी रेडिओ उठायला ठेवलेले दोनशे. सगळं मिळून एक तृतीयांश सेकंद. काकांचा रेडिओ कान उघडायच्या कितीतरी आधी माझं उत्तर देऊन झालेलं असायचं. मला ती शांतता तोवर ऐकूच आली नव्हती, कारण ती सुरू होताक्षणी मी बोलायला लागायचे, आणि बोलताना माझा कान बंद असायचा.

काकांना फोन केला. त्यांनी मध्यंतरी एक नवी पेटी जोडली होती. आवाज आला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी, वेगळी पीटीटीची तार न लागणारी. तिला 'डिले' नावाची एक खुंटी असते, आवाज थांबल्यावर किती वेळ प्रक्षेपण धरून ठेवायचं त्याची. दुसऱ्या कुठल्या तरी सावकाश मोडसाठी त्यांनी ती मध्यावर ठेवली होती आणि तशीच राहिली. पॅकेटला ती अगदी शून्यावर लागते. "अरेच्चा," एवढंच म्हणाले, आणि मला फोनमधून खुंटी फिरल्याचा 'टिक' ऐकू आला.

पण हे अर्धंच झालं, आणि दुसरं अर्धं मला टाळून चालणार नाही. त्यांची पेटी महिन्याभरापूर्वीची होती. त्या महिन्यात ते इतर स्टेशनांशी जोडले जात होते, थोडं अडखळत का होईना. जोडले जात नव्हते ते माझ्याशीच. १९८७ साली माइक चेपोनिस आणि फिल कार्न यांनी टीएनसी (रेडिओला जोडलेली पॅकेटची पेटी) आणि संगणक यांच्यामधल्या बोलण्यासाठी 'किस' नावाची साधी पद्धत मांडली, ती आजही आम्ही वापरतो. तिच्यात एक आकडा असतो, पर्सिस्टन्स. हवा मोकळी दिसली की फासा टाकायचा; आकडा जमला तर बोलायचं, नाही तर एक घर थांबायचं आणि पुन्हा फासा टाकायचा. मुळात हा आकडा ६३ असतो, म्हणजे चारांत एकदा लगेच बोलणार, तीनदा थांबणार. घर १०० मिलिसेकंदांचं. हे थांबणं दुसऱ्यांसाठी असतं, कारण मोकळी दिसणारी हवा मोकळी असतेच असं नाही. टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच दाखवून दिलं होतं की दोन स्टेशनं एकमेकांना ऐकू येत नसतील पण दोघंही तिसऱ्याला ऐकू येत असतील, तर हवा ऐकून बोलायच्या शिस्तीचा बराचसा फायदा वाया जातो. मी मात्र तो आकडा केव्हाच २५५ करून ठेवला होता, म्हणजे दर वेळी लगेच बोलायचं. माझ्या भागात वर्दळ नाही, थांबायचं कुणासाठी, असा विचार करून. त्यात माझा मॉडेम हवा मोकळी आहे का हे कॅरिअरवरून नाही, सुरांवरून ठरवतो. काकांचे सूर थांबले की त्याच्या लेखी काका थांबले. इतरांची यंत्रं फासे टाकत, थांबत थांबत उत्तर देत होती, म्हणून त्यांची उत्तरं कधी ना कधी उघड्या कानावर पडत होती. माझं प्रत्येक उत्तर तत्काळ जात होतं आणि प्रत्येक उत्तर वाया जात होतं. मी माझी सेटिंग्ज पुन्हा ६३ वर आणली. त्या दिवशी मला त्या आकड्याकडे बघवत नव्हतं, कारण माझ्या तत्परतेचा मला तोवर अभिमान होता.

त्या रात्री नऊच्या सुमारास त्यांनी हाक मारली. स्पीकर चालू होता. 'टर्र', छोटासा ठिपका शांततेचा, खट्, खळखळाट, मग माझं उत्तर, आणि मग त्यांच्याकडून काहीतरी वेगळ्याच लांबीचा आवाज. एसएबीएम नव्हता तो. पडद्यावर ओळ उमटली: "आलं गं." दोन शब्द. मी किती वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले होते, त्यांच्या ओळीची पावती, आरआर, माझ्या यंत्राकडून केव्हाच जाऊन पोचली होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण एकतर्फी दोषांची एक खोड असते, एकाच्या मागे दुसरा लपलेला असतो. काकांना माझ्या संगणकावर ठेवलेली त्यांच्याच जुन्या आराखड्यांची स्कॅन केलेली प्रत हवी होती, आणि त्यासाठी आयपी, म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची पद्धत, हवी. हॅम लोकांसाठी १९८१ पासून ४४ ने सुरू होणारे पत्ते राखलेले आहेत, हँक मॅग्नुस्की यांनी ते मिळवले. इंटरनेट बाल्यावस्थेत असताना एका माणसाने हौशी लोकांसाठी मागून घेतलेले दीड कोटीहून जास्त पत्ते! त्यांतला एक चतुर्थांश भाग २०१९ मध्ये ॲमेझॉनला विकला गेला, आणि त्या पैशातून आता हौशी रेडिओच्या कामांना अनुदानं मिळतात. तरी विकायला नको होते असं मला मनापासून वाटतं. असो. आम्हा दोघांकडे त्यांतला एकेक पत्ता आहे. काकांनी पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं पॅकेट पाठवलं. काही नाही. "पुन्हा तेच," म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात थकवा होता.

मी टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावून रेडिओच्या पोर्टवर बघत बसले. त्यांचं पिंग येत होतं, एकामागून एक, नीट, पूर्ण. माझ्याकडून उत्तर जात नव्हतं. या वेळी मी खरंच उत्तर देत नव्हते, कुठल्याच वाटेने नाही. लिनक्समध्ये परतीच्या वाटेची एक तपासणी असते, आरपी फिल्टर. पॅकेट आलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःला विचारतो, याला उत्तर द्यायचं झालं तर मी कुठल्या पोर्टने देईन? ज्या पोर्टने ते आलं त्याच पोर्टने देणार असेन तर ठीक, नाही तर पाठवणारा खोटा समजून पॅकेट टाकून द्यायचं. तेही न बोलता. टीसीपीडंप त्या तपासणीच्या आधीच बघतो, म्हणून मला ते पोचलेलं दिसत होतं. मी संशयित पॅकेटांची नोंद चालू केली तेव्हा लॉगमध्ये काकांचा पत्ता आला, 'मार्शियन' म्हणून. मंगळावरचा. त्यांचा पत्ता माझ्या रेडिओच्या छोट्याशा सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या गटात, बसत नव्हता आणि मी वेगळी वाट लिहिलेली नव्हती, म्हणून त्यांच्याकडे जायची वाट माझ्या संगणकाच्या मते घरातल्या इंटरनेटच्या तारेतून होती.

यावर बरेच जण पटकन तो फिल्टरच बंद करून टाकतात, आणि मीही आधी तेच केलं. मग उत्तरं जायला लागली, पण इथरनेटने. ४४ चा पत्ता लावून घरच्या तारेतून बाहेर पडणारं पॅकेट इंटरनेट पुरवणारी कंपनी पुढे जाऊ देत नाही, आणि न जाऊ देणंच बरोबर आहे. दुसऱ्याचा पत्ता लावून आलेली पॅकेटं दारातच अडवावीत, ही शिफारस २००० सालापासून इंटरनेटच्या नियमांच्या आरएफसी २८२७ या दस्तऐवजात लिहिलेली आहे. फिल्टरने माझी चूक मला दाखवली होती आणि मी त्याचंच तोंड बंद केलं होतं. तो पुन्हा चालू केला आणि एक ओळ लिहिली: या पत्त्याकडे जायचं तर रेडिओने. एवढंच. पुढच्या पिंगला उत्तर गेलं, आणि काकांनी आकडा वाचून दाखवला, दोन हजार एकशे मिलिसेकंद. तारेवर वाढलेल्या माणसाला हा आकडा बिघाड वाटेल. आम्हाला तो सुरेख वाटला.

इतक्या संथ वाटेवर टीसीपी, म्हणजे पावत्या घेत पॅकेटं पोचवायची इंटरनेटची पद्धत, चालते याचं श्रेयही पुन्हा फिल कार्न यांच्याकडे जातं. ऐंशीच्या दशकात ते आपल्या के-ए-९-क्यू या कॉलसाइनच्या नावाने हौशी पॅकेट रेडिओसाठी टीसीपी-आयपी लिहीत होते. तिथे एक साधा दिसणारा प्रश्न छळतो: एक पॅकेट पाठवलं, पावती आली नाही, म्हणून तेच पुन्हा पाठवलं, आणि मग एक पावती आली. ती कशाची? पहिलं पॅकेट पोचलं होतं आणि पावती उशिरा आली, की पहिलं हरवलं आणि ही दुसऱ्याची? सांगता येत नाही. कार्न यांचं म्हणणं असं की सांगता येत नाही तर ते मोजूच नये. पुन्हा पाठवलेल्या पॅकेटच्या पावतीवरून वाटेची लांबी ठरवू नये, आणि नवं, एकदाच पाठवलेलं पॅकेट पोचेपर्यंत धीर धरून थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा. १९८७ मध्ये त्यांनी आणि क्रेग पार्ट्रिज यांनी हे मांडलं, आणि हा नियम पुढे सगळ्या टीसीपीत आला. हे वाचलं होतं मी पूर्वी, परीक्षेत लिहिण्यापुरतं. काकांच्या तीस हाकांनंतर वाचलं तेव्हा ते वेगळं वाटलं. पहिल्या हाकेलाच उत्तर मिळालं होतं की नाही, हे हाक मारणाऱ्याला कळायला कुठलाच मार्ग नसतो.

आराखड्यांची फाइल जायला रात्रीचे दोन वाजले. मधल्या वेळात आम्ही फोन ठेवलाच नाही. पहिल्यांदा फाइलबद्दल, मग इतर बरंच. त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, मला माहीत नव्हतं. नवी पेटी त्यांनी घेतली ती त्यामुळेच. बारीक तारा सोल्डर करणं आता जमत नाही, म्हणून तार न लागणारी. हे सांगताना त्यांनी मला काही सुचवलं नाही. स्पीकरवर दोन्हीकडची पॅकेटं ऐकू येत होती, माझी थोडी लांब, त्यांची पावती तोकडी, आणि मधे ती इवलीशी शांतता, जी मी आता प्रत्येक वेळी ऐकते.

काका अजून कागदी लॉगबुक ठेवतात. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा उघडून बघितलं. त्या तीन रात्रींपुढे, वेळेसकट, त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: 'उत्तर नाही.' मी म्हटलं, आता बदला ना ते, मी उत्तर दिलं होतं. माझ्या फोनवर माझा लॉगही काढून दाखवला, त्याच तारखा, त्याच वेळा, प्रत्येकीपुढे 'कनेक्टेड'. त्यांनी चष्मा वर करून तो फोन अगदी जवळ धरून वाचला, सगळा वाचला, आणि परत दिला.

"राहू दे," म्हणाले. "लॉगबुकात खाडाखोड करायची नसते. मी जे ऐकलं ते लिहिलंय." मग पान उलटून त्या दिवशीची तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिलं.